अर्ध्यावर बंद पडलेलं वाक्य

मेकॅनिक : वहिनी, खरं सांगा, कॉम्प्युटरमधल्या या कार्डावर काहीच लिहिलेलं नव्हतं? नाव, नंबर, काहीच?

वहिनी : होती की एक कागदाची पट्टी. धुळीनं बरबटली होती. मीच ओल्या फडक्यानं घासून काढली.

मेकॅनिक : धन्य आहात! त्याचं नावगाव जिथं होतं, तेवढंच नेमकं पुसलंत.

वहिनी : मला काय स्वप्न पडलं होतं? कॉम्प्युटर बंद पडला, भाच्यानं तो उघडला, म्हटलं आतून जरा स्वच्छ करावा. नवी डिस्क बसवून भाचा गेला आपल्या घरी. "मामी, सगळं चालू झालं," म्हणाला. सगळं चालू झालं, आमच्या ह्यांचं, तुझ्या दादांचं, बोलणं तेवढं बंद!

मेकॅनिक : कारण ज्या बटणानं ते पडद्यावर अक्षरं निवडून बोलतात, त्या बोटाखालच्या बटणाची वायर या कार्डात जाते, आणि नव्या डिस्कवर या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची भाषा समजावणारा प्रोग्रामच नाही. कार्ड जागेवर आहे, पण कॉम्प्युटरला त्याचं बोलणं कळत नाही. हे बघा पिवळं चिन्ह. अनोळखी उपकरण, म्हणतोय.

वहिनी : अनोळखी कसलं? इतकी वर्षं त्याच्याच पोटात बसलंय.

मेकॅनिक : दिसायला आवाजाच्या कार्डासारखं, म्हणून सकाळपासून मी आवाजाचेच ड्रायव्हर टाकून बघतोय. दिसण्यावर गेलो आणि तोंडघशी पडलो.

वहिनी : हळू बोल रे. त्यांना ऐकू येतं सगळं. दुखणं जिभेला नि हातापायांना झालंय, एक बोट तेवढं हलतं; पण कानांना काही झालं नाही.

मेकॅनिक : दादा, ऐकताय ना? होईल हो, काळजी करू नका... हे काय, डोळे का मिटले?

वहिनी : मिटले म्हणजे हो. उघडे ठेवले म्हणजे नाही. सध्या एवढ्यावरच संसार चाललाय आमचा.

मेकॅनिक : मग काय हवं-नको ते विचारता येतं की.

वहिनी : विचारते ना. ऊन लागतंय का, कूस बदलू का, पंखा लावू का. पण एक गोष्ट... तू इकडे ये, खिडकीपाशी. त्यांना ऐकू जायला नको.

मेकॅनिक : काय झालं?

वहिनी : कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ते लिहीत होते. बटण दाबून दाबून, एकेक अक्षर. पडद्यावर आलं, 'आता मला नको'. आणि फट्‌दिशी अंधार.

मेकॅनिक : काय नको?

वहिनी : तेच तर! तेव्हापासून जेवत नाहीत रे. दूध तेवढं घेतात. रोज ताजं सूप करते, पण चमचा पुढं केला की ओठ घट्ट. भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस हा! आवाज पलीकडच्या रस्त्यावर जायचा. असं पडून राहण्याचा कंटाळा आला असेल. जगणंच नको झालं असेल...

मेकॅनिक : छे, छे! भलतंच काय? तसं विचारलंत का त्यांना?

वहिनी : कुठल्या तोंडानं विचारू? त्यांनी डोळे मिटले तर?

मेकॅनिक : विचारायचं! अहो वहिनी, मीपण येडाच. सकाळपासून त्या कार्डाला कुणी विचारलंच नाही.

वहिनी : डोकं फिरलं की काय तुझं?

मेकॅनिक : पट्टी पुसली म्हणून काय झालं? कार्डाच्या पोटात नंबर असतात. एक बनवणाऱ्याचा, एक त्याचा स्वतःचा. कॉम्प्युटरनं विचारलं की ते मुकाट सांगतं. हे पिवळं चिन्ह उघडायचं, तपशिलात जायचं... आले! आता हेच नंबर इंटरनेटवर शोधू.

वहिनी : सापडलं?

मेकॅनिक : कंपनी कधीच बंद पडलीय.

वहिनी : झालं! आमचं नशीबच फुटकं.

मेकॅनिक : दम धरा की जरा! कुणीतरी भल्या माणसानं जुने ड्रायव्हर जपून ठेवलेत. नंबर जुळतोय. दुसरापण जुळतोय! आवाजाचं कार्ड नव्हतंच हे, बटणं जोडायचंच होतं. टाकतो... वहिनी, पिवळं चिन्ह गेलं!

वहिनी : थांब, त्यांचं बोट बटणावर ठेवते.

मेकॅनिक : दादा, दाबा बटण.

(पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागतं. मग यंत्राचा सपाट आवाज.)

दादा : आता मला नको.

वहिनी : अहो, असं नका ना म्हणू! तुम्हाला नको असेल, पण मला हवे आहात तुम्ही. असे, आहात तसे हवे आहात. ऐकलंत?

मेकॅनिक : वहिनी, थांबा. बटण दाबतायत अजून.

दादा : ते भोपळ्याचं सूप.

वहिनी : काय?

दादा : जन्मभर भोपळे पुकारले. आता खायलापण तेच. वीट आला.

मेकॅनिक : अरे देवा! वहिनी, रडताय काय? हसा!

वहिनी : हसतेच आहे मेल्या, दिसत नाही? पौष्टिक म्हणून रोज भोपळा शिजवला मी! हे ओठ आवळायचे, आणि मी दुसऱ्या दिवशी आणखी मऊ करून आणायची. अहो, किती दिवस जीव टांगणीला लागला होता माझा! बटाट्याचं करू? पालकाचं? आत्ता टाकते.

दादा : सूप राहू दे.

वहिनी : मग काय हवंय?

दादा : मघाशी म्हणालीस ते. पुन्हा म्हण.

वहिनी : इश्श! हा उभा आहे ना इथे.

मेकॅनिक : मी कुठे आहे, वहिनी? मी केव्हाच गेलो.