अर्ध्या सीसीचं इंजिन

इंदिरानगरच्या कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. तपासायचे होते आजोबांचे कान, पण आवाज चढला होता आजींचा. त्यामुळे ऐकल्याचं पाप माझ्या खाती मांडू नये.

"नीला, तुझ्या भावाचं ते मॉडेल विमानाचं जुनं इंजिन संपलं आता. उद्या सुट्या भागांसाठी देऊन टाकतो."

"का म्हणून?"

"काल दोन्ही इंजिनं चालवून पाहिली. ज्याला त्याला नेहमीचाच पंखा, इंधन ताजं. माझं मोठं अजून खणखणीत आहे. तुझ्या भावाचं अर्ध्या सीसीचं, पूर्वी किंचाळायचं. आता नुसतं कुजबुजतं."

"कुजबुजतं? ते सुरू झाल्यावर वरच्या पवित्रा अक्कांनी खिडक्या लावून घेतल्या. तुमच्या मोठ्याच्या वेळी उघड्याच होत्या."

"भावाचं म्हणून बाजू घेतेस."

"मग फेरे मोजायचं मीटर का नाही लावलं?"

"जन्मभर विमानांची इंजिनं कानाने पारखली. एवढ्याशाला मीटर कशाला?"

"अहो, म्हणून तर इथे आणलंय तुम्हाला. वरच्या पट्टीतले बारीक आवाज पोचतच नाहीत तुमच्यापर्यंत."

"म्हणजे ते अजून तसंच पळतंय?"

"अगदी तसंच."

"सरी, बरं, नाही देत कुणाला. आणि तू?"

"माझं काय?"

"तुझाही आवाज हल्ली बारीक झाला होता. मला वाटलं, थकलीस. म्हणून तर सकाळची कॉफी मी करायला लागलो."

"हो का? मग कानात मशीन बसलं तरी ती चालू ठेवा. साखर तेवढी स्वल्प कमी घाला."