पांढरी गोळी

…नाही, पण मी काय म्हणतो, दुकानदाराकडे चार गोळ्या मागितल्या की तो कात्री घेतो आणि पाकीट कापतो, बरोबर? मग नाव कुठं राहतं? दुकानात. तारीख? तीही दुकानात. घरी येतात चार गोळ्या आणि चकचकीत कागद. आणि औषधांचे नियम करणाऱ्या खात्यात बसतो कोण, तर मी. म्हणजे बोलायचं कुणाला? ते काही नाही, नियम झालाच पाहिजे.

तुम्हाला सांगतो, माझी आत्या. मला लहानाचं मोठं तिनं केलं. तिच्याकडे एक डबा, त्यात कापलेले तुकडे, रक्तदाबाचे, झोपेचे, गुडघ्याचे, सगळे सुखानं नांदतायत. एका सकाळी बाथरूममध्ये धाडकन पडली. कपाळाला टाके. डॉक्टर विचारतायत, "आजी, कुठली गोळी घेतलीत?" आत्या म्हणते, "पांढरी." अहो, जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या! डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी डब्याकडे… थोडक्यात वाचली हो. दवाखान्याच्या बाकावर बसून रडलो मी, खोटं कशाला बोलू. आणि उठताना ठरवलं, नियम झालाच पाहिजे.

मसुदा एका ओळीचा. पाकिटाच्या कागदावर प्रत्येक गोळीच्या मागं तिचं नाव आणि मुदतीची तारीख छापावी. बस. पण बैठक म्हटली की… कंपन्यांच्या वतीनं आलेले गृहस्थ, आवाज लोण्यासारखा, "भावना समजते हो, पण तेवढ्याशा जागेत मावणार कसं?" मी म्हटलं, तुमच्या कंपनीचं चित्र बरं मावतं. मग कायदा बघणाऱ्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "गोळी म्हणजे नक्की काय? चघळायची धरायची का? आणि अर्धी मोडलेली?" बाई, मोडायच्या आधी छापू ना! आणि आमचे साहेब, डोळे मिटून, "पुढच्या बैठकीत बघू." पुढची झाली, तिच्या पुढची झाली, साहेब आपले पुढच्याच बैठकीत. मीही चिवट. दर वेळी तोच कागद त्यांच्यापुढं सरकवायचा आणि म्हणायचं, साहेब, नियम झालाच पाहिजे.

शेवटी आत्याचा डबाच घेऊन गेलो. त्या दिवशी "अर्धी मोडलेली" यावर एवढी खडाजंगी झाली की साहेबांचं डोकं उठलं. "डोकेदुखीची गोळी आहे का हो कुणाकडे?" मी डबा उघडून पुढं केला. "घ्या ना साहेब. आहे यात एक. पांढरी." साहेबांचा हात डब्यावर जो थांबला, तो थांबलाच. गृहस्थ छताकडे बघतायत. साहेबांनी हात मागं घेतला, पेन काढलं आणि मसुद्यावर सही केली. डोकं तसंच दुखत होतं बिचाऱ्यांचं.

नियम निघाला, पाकिटं बदलली. पहिलं नवं पाकीट घेऊन मी धावतपळत आत्याकडे. तिनं एकेक नाव बोट ठेवून वाचलं, डोळे भरून आले तिचे. "माझ्यासाठी केलंस होय रे?" मला तर गगन ठेंगणं झालं.

आठवड्यानं गेलो, तर आत्या टेबलाशी बसून मटार सोलावेत तशा गोळ्या सोलतेय. सगळ्या एका बरणीत. म्हटलं, "आत्या, हे काय?"

"अरे, ते कागद फार जागा खातात. पण तू एवढी खटपट करून छापून घेतलीस ना नावं, ती टाकली नाहीत हो मी. वेगळ्या पिशवीत जपून ठेवलीत."

मग काय, नवा मसुदा लिहायला घेतलाय, नाव गोळीच्या अंगावरच छापायचं. नियम झालाच पाहिजे. साहेब म्हणालेत, पुढच्या बैठकीत बघू. तोवर मी आपला आत्याकडेच राहायला गेलोय, बरणी उशाशी घेऊन.