उजव्या चाकातली चूंचूं

नाही नाही, काच वर करू नका साहेब, काच खालीच राहू द्या — आणि माझ्याकडे बघू नका, समोर बघा, मी बघतो तुमच्याकडे. म्हणजे चाकाकडे. चाकाकडे बघतो मी. हळू, अजून हळू, माणूस चालतो तेवढीच, मी शेजारून चालतोय ना, तेवढीच — आणि स्टिअरिंग उजवीकडेच ठेवा, गोल गोल फिरू द्या. मैदान आपल्या दुकानाचंच आहे, मागं कोणी नाही, चार जुने टायर आहेत, त्यांना लागली तर ते काही बोलायचे नाहीत. चक्कर आली तर सांगा. वीस वर्षांची गाडी, पण कशी चालते बघा, लोण्यासारखी. सीट अजून मऊ, दरवाजा लावला की आत आवाज नाही बाहेरचा. म्हणूनच तर त्रास. खटारा असता तर कोणाला कळलं असतं? आमच्या जुन्या टेम्पोत चौदा आवाज होते, त्यात पंधरावा सुखानं नांदला असता. तुमच्या गाडीत एकच, म्हणून तुमच्या बाई बसायच्या बंद झाल्या. काय म्हणाल्या होत्या त्या — चाकात उंदीर पाळलाय का? दादाला फार हसू आलं होतं त्याचं. घरी येऊन वहिनीला सांगितलं होतं.

काय? येतंय की. ऐकू येतंय, न यायला काय झालं, एवढा मोठा आवाज. तुम्ही चालवा. थांबू नका. एक फेरा अजून — हं. हं. आता. झालं. आणि आता. झालं बघा. चाकावर खडूची रेघ ओढलीय ना मी, ती वर आली की — आलं. बरोबर? वर आली की एकदा, मग गप्प, मग पुन्हा वर आली की एकदा. थांबवा गाडी. इंजिन चालूच ठेवा, फक्त थांबवा.

आता मी सांगतो ते ऐका. ब्रेकची कुरकुर असती तर सलग आली असती, ब्रेक दाबला की बदलली असती. बेअरिंग गेलं असतं तर घुर्र झालं असतं, हाताला कळलं असतं. हे तर चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच येतं, तेही उजवीकडे वळताना, गाडीचा भार या बाजूला बदलतो तेव्हा. म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे, आणि ते चाकालाच घासतंय. दादानं तीनदा उघडली ही गाडी. तीनदा. पॅड बदलले, डिस्कमागचा पत्रा सरळ केला, रबरं बदलली. कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी तर तुम्हाला सगळा पुढचा भागच बदलायला सांगितला होता, तेव्हा तुम्ही आमच्याकडे आलात. लोक म्हणायचेच, आवाज असेल तर कानवाल्यांकडे जा. कानवाले. पाटीवर वेगळंच नाव आहे, ते कोणी वाचत नाही. दादा मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि मी गाडी चालवायचो. आवाज आला की माझ्या खांद्यावर थाप. डाव्या खांद्यावर मारली तर डावं चाक, उजव्या खांद्यावर तर उजवं. गिऱ्हाइकाला वाटायचं दोघं भाऊ ऐकतायत. दादा म्हणायचा, दोघांत मिळून दोन कान आहेत, आणि दोन्ही माझेच.

काही नाही, असंच बोलायचा. चेष्टा करायचा.

हे झाकण बघा. चाकाच्या मधलं, कंपनीच्या खुणेचं. प्लास्टिकचं आहे. स्क्रूड्रायव्हर आत घातला, असा, आणि — निघालं. आता काय करायचं? काहीच नाही. झाकणाशिवाय एक फेरा मारायचा. चला. उजवीकडे. हळू. रेघ वर आली — आता — गेली. पुन्हा आता — गेली. अजून एक. समोर बघा साहेब, माझ्याकडे नको.

आठी नाही पडली. तीन फेऱ्यांत एकदाही पडली नाही. सापडलं. बंद करा इंजिन.

कसली आठी? तुमची. कपाळावरची. आवाज आला की तुमच्या दोन भुवयांच्या मधे — असू दे. या झाकणाची मागची एक कडी, चाकात अडकते ती, झिजलीय बघा, इथं, चकचकीत झालीय, नखाएवढी जागा. चाक वळताना जरा वाकतं, ही कडी घासते, चूं. बस. एवढंच. दोन वर्षं हेच. दादा चाक काढायचा म्हणजे आधी हे झाकण काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मी पुसून ठेवायचो. तीन वेळा माझ्या हातात होतं हे. तो आत शोधत बसायचा, आत, अजून आत. एवढा कानाचा माणूस आणि फसला. आनंद व्हायला पाहिजे ना मला? दादाला सापडलं नाही ते मला सापडलं. काही होत नाही. परवा बोट चेंगरलं पान्यात, तेही मला संध्याकाळी रक्त दिसलं तेव्हा कळलं. घरात लोक येतात, माझ्याकडे बघतात रडतोय का, मग चहा पितात.

हो. बरोबर ओळखलंत. नाही येत मला. तुमचा आवाज येतो, समोरून बोललात तर येतो. ट्रक येतो, हातोडा येतो. बारीक काही येत नाही — शिट्टी नाही, चूंचूं नाही, मागून कोणी हळू बोललं तर तेही नाही. लहानपणी कान वाहायचे. डावा तर गेलाच, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. उजव्याचं फक्त दादाला. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, त्यांची पाठ काय शिकवणार? चौथीत दोनदा बसलो, मग मठ्ठ म्हणून घरी. दादाच म्हणाला, याला माझ्याकडे द्या. वहिनीला वाटतं मी उद्धट आहे, हाक मारली की ओ देत नाही. दादा तिला म्हणायचा, अगं लाडावलाय तो, मीच बिघडवलाय. दहा वर्षं त्यानं माझं बहिरेपण स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं.

म्हणून ही गाडी. तुम्हाला फोन मी केला नव्हता, वहिनीनं करायला लावला. ती म्हणाली, त्यांनी या गाडीपुढे तीनदा हात टेकले, ही तू एकट्यानं गप्प करून दाखव, मग दुकान तुझं. नाही जमलं तर रविवारी शटर टायरवाल्याला देऊन टाकू, तू कुठंतरी नोकरी बघ. वाईट नाही हो ती. दोन मुलं आहेत तिला, ती तरी काय करणार? तिला दुकान हवंय, पण चालणारं. आता डबा घेऊन येईलच. ती विचारेल तुम्हाला. एकच करा माझ्यासाठी — सांगा की यानं ऐकून शोधलं. दादासारखं डोळे मिटून. एवढंच सांगा. कपाळाचं, आठीचं काही काढू नका.

खोटं कशाला? तुम्हाला काय माहीत, कशाला ते.

तिनं विचारलं होतं मला. त्या दिवशी, दवाखान्याच्या जिन्यावर. शेवटी काही बोलले का रे? मी म्हटलं, ग्राइंडर चालू होता वहिनी, काही कळलं नाही. ग्राइंडर बंद होता. मी नट पुसत होतो. दादा खड्ड्यात होता, गाडीखाली, माझ्यापासून सहा पावलांवर — मी मोजलीत नंतर, सहाच आहेत — आणि माझी पाठ त्याच्याकडे. समोरचा चावीवाला रस्ता ओलांडून धावत आला. मला वाटलं, पाना मागायला आला असेल. हसलो मी त्याला. तो मला ढकलून खड्ड्यात उतरला, छाती धरून पडलेल्या दादाकडे. त्याला ऐकू गेलं होतं. रस्त्यापलीकडे, गाड्यांच्या आवाजात. छोट्या, अशी हाक, दोनदा. मी किती वेळ नट पुसत होतो ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर — आणि मग कागदाकडे बघत बसले. चावीवाला कोणाला बोलला नाही. कुलपाचंच काम त्याचं. पण वहिनीला जर कळलं की मला ऐकूच येत नाही, तर ती हिशोब लावेल. हुशार आहे ती. ग्राइंडर चालू नव्हता हे तिला त्याच क्षणी कळेल. आणि मग ती विचारेल, हाक मारली होती का? मी काय सांगू? हो, माझं नाव घेतलं, दोनदा, तुझं नाही घेतलं, आणि मी पाठमोरा उभा होतो?

कडीला जरा ग्रीस लावून झाकण बसवून देतो, पुन्हा वाजायचं नाही. वाजलं तर या. आता निघा तुम्ही, ती यायच्या आधी निघा, फोनवर सांगा तिला काय ते. मुलांकडे बघून तरी — काय झालं?

आठी का पडली? गाडी तर बंद आहे.

माझ्याकडे बघा ना साहेब. मागं कुठं बघताय? मागं कोण —

वहिनी.

कधीची उभी आहेस?

हाक मारलीस का?