सुलक्षणाचं ताट

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न. कणग्या भरलेल्या, दारात दुभती म्हैस — आणि त्याच घरात एक बाई उपाशी! तर पाप कुणाचं? बोला की! टाळकरीबुवा, तुम्ही खाली का बघता?

गोष्ट पुराणातली नाही. माझ्या सख्ख्या भाचीची आहे. सुलक्षणा तिचं नाव. लग्नाला वर्ष झालं, तिला दिवस गेले. अंगणवाडीच्या कुंदाताई घरी आल्या, हातात छापील तक्ता. देशातले जाणते डॉक्टर एकत्र बसले, वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि ठरवलं — कुणी काय खावं, किती खावं. गरोदर बाईनं रोजच्याहून जास्त खावं. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध, फळं. वर लोहाची गोळी. यातलं काय नव्हतं हो त्या घरात? परसात पेरू पिकून खाली पडत होते!

कुंदाताईंनी तक्ता स्वयंपाकघरात चिकटवला. सासू गिरजाबाई कडाडल्या, "आम्ही काय कागद वाचून पोरं जन्माला घातली? जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, अडतं!"

"उलट आहे, काकू. आई अशक्त राहिली की दोघांच्या जिवाला धोका."

"तुझं शहाणपण अंगणवाडीत ठेव!"

फर्रकन् तक्ता ओढला — आणि त्यावर पापड वाळत घातले!

हसता? हसा! तुमच्या घरचा तक्ता कुठंय, ते आठवा आणि मग हसा!

सुलक्षणा सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू. तिच्या वाट्याला टोपाची खरवड आणि चटणी. पाचव्या महिन्यात वजन सत्तेचाळीस किलो. आठव्यात किती? सत्तेचाळीस! कुंदाताई सासऱ्याकडे धावल्या. सासरे नारायणराव, गळ्यात माळ, रोज पोथी. म्हणाले, "बायकांच्या कामात मी पडत नाही."

पडत नाही! जेवायला मात्र पहिल्या पंगतीत पडता!

त्याच आठवड्यात त्यांच्या दारी सप्ताह. काल्याच्या दिवशी पाचशे पान. आणि कीर्तनाला कोण? मी! हा तुमच्यापुढे उभा आहे ना, हाच! कीर्तन रंगलं, मी पहिल्या पंगतीत बसलो. पुरणपोळीवर तुपाची धार. वाढत कोण होती? सुलक्षणा. ओठ पांढरे पडलेले. मी विचारलं, "बाळे, जेवलीस का?"

"तुमचं होऊ द्या, मामा."

आणि मी जेवलो! मंडळी, मी पोटभर जेवलो!

तिसरी पंगत वाढताना ती कोसळली. मीच तिला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. अंगात रक्त किती? अकरा हवं, तिथं सहा! डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या, "घरात खायला नव्हतं का हो?" माझ्या अंगाला तुपाचा वास येत होता. काय सांगू त्यांना?

त्याच दिवशी, दिवस भरायच्या आधी, मुलगी झाली. दीड किलोची. काचेच्या पेटीत आठ दिवस लढली. नवव्या दिवशी गेली.

गिरजाबाई म्हणाल्या, "दैवात नव्हतं."

दैवात? अहो, दैवात सगळं होतं! डाळ होती, दूध होतं, सांगणारी बाई दारात तीनदा येऊन गेली! नव्हतं ते ताटात! देवाच्या नावावर आपली कंजुषी खपवता?

सुलक्षणा वाचली. खाटेवरून माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुम्ही कीर्तनात एकदा तरी सांगायचं होतं. तुमचं ऐकलं असतं त्यांनी."

वीस वर्षं मी मोक्ष सांगतोय, मंडळी. सुनेला वाटीभर डाळ वाढा, हे एकदाही सांगितलं नाही! जाणत्यांनी कागदावर लिहिलं, कुंदाताईंनी दारापर्यंत आणलं. पुढची चार पावलं — चुलीपासून ताटापर्यंत — ती आपली होती. आपण चाललो नाही.

आता तुमचं बोलू. मागं मंडपाबाहेर पाच बाया सकाळपासून पोळ्या लाटतायत. त्यातली एक सात महिन्यांची पोटुशी आहे, मी येताना पाहिली. सकाळपासून काय खाल्लं म्हणून विचारलं, तर म्हणाली — चहा.

नुसता चहा!

उठा! पुरुषांनो, उठा! पराती घ्या, पोळपाट घ्या. त्या पाचजणींना आधी पाटावर बसवा, डाळ वाढा, दूध द्या. त्या पोटभर जेवल्या की मग मला हाक मारा. तोवर देवाचं नाव घ्यायला माझं तोंड उघडणार नाही!