सकाळी दहा पंचवीसला तयार असलेली गाडी

नाव: रजिस्टरला घेतलेच आहे; बाजारात मात्र 'बेसवाला' म्हटल्याशिवाय कोणी ओळखत नाही. वय: ५३ वर्षे. धंदा: मोटारीत स्टिरिओ व स्पीकर बसवणे, बिघडलेले दुरुस्त करणे. राहणार: बसस्टँडच्या मागे, दुकानाच्या वरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर माझे बावीस वर्षांपासून दुकान आहे. घरी मी व माझी पत्नी असे दोघेच असतो. माझ्या उजव्या कानात कायम शिट्टी वाजते, ती धंद्याची देणगी आहे. तरी समोरच्याचे बोलणे मला नीट ऐकू येते.

परवा मंगळवारी सकाळी १०.०० वा. सुमारास चष्म्याच्या दुकानाचे मालक त्यांची पांढरी गाडी घेऊन आले. गाडीच्या डिकीत दोन सबवूफर, म्हणजे बेसचे, जड आवाजाचे स्पीकर आहेत. त्यांची तक्रार अशी की, "आवाज जरा चढवला की फाटतो हो. डिकीत कोणीतरी पत्र्याचे डबे आपटतंय असं वाटतं." दुसरीकडे त्यांना दोन्ही स्पीकर बदलायला सांगितले होते. मी म्हणालो, "ठेवून जा, चार वाजता या." ते किल्ली देऊन चालत त्यांच्या दुकानी गेले.

मी दोन्ही सबवूफर हाताने दाबून पाहिले, मीटर लावला. ते ठणठणीत होते. बिघाड कशातच नव्हता. ॲम्प्लिफायरवर गेन म्हणून एक लहान स्क्रू असतो. लोकांना वाटते तो आवाज वाढवायचा, म्हणून शेवटपर्यंत पिळतात. यांनी तो पिळला होता आणि वर स्टिरिओतला बेसही पुरा चढवला होता. तोटी पूर्ण सोडून खाली वाटी धरली की पाणी बाहेर उडणारच. मी बेस शून्यावर आणला, गेन निम्म्याहून खाली घेतला आणि गाणे लावून पाहिले. आवाज स्वच्छ झाला. तेव्हा सकाळचे १०.२५ वाजले होते.

आता जे सांगतो ते मला कोणी विचारलेले नाही. पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक गाडी मी गिऱ्हाइकासमोर दहा मिनिटांत नीट केली होती. तो चार लोकांत म्हणाला, "नुसता स्क्रू फिरवलास आणि मजुरी मागतोस?" तेव्हापासून मी गाडी लगेच देत नाही. पॅनेल काढतो, सीट बाहेर ठेवतो, ॲम्प्लिफायर उघडून बाकावर मांडतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी तशीच राहते. मग गिऱ्हाईक हात जोडून पैसे देते. पत्नी म्हणते, "बऱ्या झालेल्या पेशंटला सलाईन लावून ठेवता तुम्ही." मी हसण्यावारी नेत आलो. मंगळवारीही मी तसेच सगळे मांडून ठेवले आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागलो.

दुपारी १२.१० वा. चष्मेवाल्यांचे वडील आले. पोस्टातून निवृत्त झालेले आहेत, वय सत्तरच्या आसपास. मी त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "मिस्त्री, मुलाला फोन केला होता, तो म्हणाला गाडी तुमच्याकडे आहे. मला बहिणीला बघायला जायचंय, ती हॉस्पिटलात आहे." हॉस्पिटल शेजारच्या शहरात आहे. गाडीने पंचेचाळीस-पन्नास मिनिटे लागतात, बसने दोन गाड्या बदलाव्या लागतात. बहीण किती आजारी आहे ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

गाडी झाली म्हणालो असतो, तर हा सगळा पसारा कशासाठी, हे सांगावे लागले असते. म्हणून मी म्हणालो, "अजून फाटतोय आवाज." एवढ्यावर थांबायला हवे होते. पण त्यांना खरे वाटावे म्हणून मी तारा तात्पुरत्या जोडून गाणे लावले. काका डिकीपाशी वाकून ऐकत राहिले. म्हणाले, "मला तर स्वच्छ ऐकू येतंय हो. घरी असताना गाडीतलं गाणं छातीत धडधडायचं, तसं आता काहीच नाही." मी म्हणालो, "काका, वय झालं की कानांना बारीकसारीक कळत नाही." ते हसले आणि म्हणाले, "असेल बुवा."

मग त्यांनी मला सरळ विचारले, "बसने निघू की थांबू? तुम्ही सांगाल तसं करतो." मी म्हणालो, "थांबा की. बसचे धक्के कशाला खाता? दोन तासांत देतो." ते स्टुलावर बसले. मी त्यांना चहा पाजला.

दुपारी २.१५ वा. सुमारास त्यांना भाच्याचा फोन आला. ते म्हणाले, "हो रे बाळा, गाडी हातात आली की निघालोच." फोन ठेवून ते माझ्याशी बोलू लागले. म्हणाले, "अकरा वर्षं आम्ही बहीणभाऊ बोललो नाही, मिस्त्री. काल तिनंच निरोप धाडला, दादाला बोलवा म्हणून. तुमच्याकडे थांबलो ते बरंच झालं. गेल्यावर पहिलं काय बोलायचं, त्याची जुळवाजुळव करतोय." मी दुसरी गाडी तशीच सोडून भराभर सगळे जोडायला घेतले. घाईत एक पॅनेल दोनदा उलटे बसले. २.५० वा. गाडी त्यांच्या ताब्यात दिली. जाताना त्यांनी माझे आभार मानले.

पुढचे मला त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांकडून समजले. काका ३.४० वा. पोहोचले. बहीण ३.१० वा. गेली होती. भाचा हॉस्पिटलच्या आवारात त्यांच्या अंगावर धावून गेला, त्यांना ढकलले आणि विटेने गाडीची मागची काच फोडली. "आई दाराकडे बघत गेली आणि मामा गाण्याची गाडी सजवत बसला होता," असे तो म्हणाल्याचे मला सांगण्यात आले. जुना राग मनात ठेवून मामाने मुद्दाम वेळ काढला, असे त्याचे म्हणणे आहे. सदर प्रकार मी पाहिलेला नाही. भाच्याला मी ओळखत नाही.

काकांनी त्यांच्या जबाबात "गाडी तयार नव्हती" एवढेच सांगितले आहे, असे मला कळले. ते खोटे बोललेले नाहीत. मी त्यांना सांगितले तेच त्यांनी सांगितले. वेळ त्यांनी काढलेला नाही, मी काढला.

आज मी इथे, हॉस्पिटलच्या शहरातल्या या ठाण्यात, बसनेच आलो. दोन गाड्या बदलून नेहमीची दोन तास वीस मिनिटे लागली. मंगळवारी काका १२.१५ ला बसने निघाले असते तर २.३५ ला पोहोचले असते. हा हिशोब मी येताना खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा केला. दर वेळी तेवढाच आला.

हवालदारसाहेब म्हणाले, "अहो, केस काचेची आणि ढकलाढकलीची आहे. त्यात तुमचा स्क्रू कशाला घालता?" मी म्हणालो, "घाला साहेब." हे बाजारात कळल्यावर माझ्याकडे गाडी कोण ठेवणार, ते मला समजते. त्याला माझा इलाज नाही. मी थकलो आहे. दोन रात्री पत्नीशीही धड बोललेलो नाही. त्या भाच्याला हे कळले पाहिजे की त्याचा मामा यायलाच निघाला होता.

जबाब संगणकावर घेतला व मला वाचून दाखवला. त्यात आधी "गाडी दुपारी तयार झाली" असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "सकाळी १०.२५ वा. तयार होती" असे केले आहे व बाजूला मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. काका बाहेर बाकावर बसले आहेत. मी आत येताना ते उठून उभे राहिले व "तुम्हाला उगाच त्रास झाला" म्हणाले. तरी हा जबाब त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती. त्यांना नीट ऐकू येते. परवाही नीटच ऐकू आले होते.