बूच लावलेला रेडिएटर

हॉइट: तुझी घोडी हौदाला तोंड लावत नाही.

अर्लीन: कॉफी गार झाली तुझी.

हॉइट: रेडिएटरचं झाकण काढून मोजलं वेंडलनं. तिथंच घोळ झाला.

अर्लीन: मार्लाच्या बुटांना हात लावू नकोस, विंचू असतात.

हॉइट: आणि या खुर्चीत मी बसायचं की रेडिएटरनं?

अर्लीन: रेडिएटरनं. तू उभा राहा.

हॉइट: वेंडलला जाऊन वर्ष होत आलं, अर्लीन. तुझा नवरा होता तसा तो माझा भाऊही होता. पण मी कुठं त्याच्या रेडिएटरला टेबलाशी घेऊन जेवतो?

अर्लीन: तो जेवत नाही. तुझ्यापेक्षा बरा.

हॉइट: ऐक जरा. शनिवारी तुझी लेक मार्ला बापाची गाडी शर्यतीत पळवणार, मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर. बॉनेट नसलं तर तिथं गाडी सोडत नाहीत. आणि बॉनेट मिटत नाही. रेडिएटरचं झाकण आडवं येतंय, अंगठ्याएवढं.

अर्लीन: वेंडलनं मोजलं होतं.

हॉइट: झाकण काढून! जन्मात कधी बॉनेट लावून गाडी चालवली नाही त्यानं. आम्ही कुणीच नाही चालवली. एवढं चकचकीत इंजिन झाकून कोण ठेवणार? मग ते मिटतं की नाही, हे बघायचं सुचणार कुणाला?

अर्लीन: बॉनेटला भोक पाड.

हॉइट: ते बॉनेट त्यानं उन्हाळाभर हातोडीनं ठोकून केलंय. ठणठण तूच ऐकलीस.

अर्लीन: मग नवा रेडिएटर आण.

हॉइट: सन बत्तीसची फोर्ड आहे ती, त्यात नाक आणखी खाली आणलंय त्यानं. बाजारातला एकही बसत नाही, म्हणून तर घरी कापून बनवला. मी फक्त वरची पितळी टाकी सोडवतो, झाकणाची मान बुटकी करतो, परत डाख देतो. खालचे सगळे सांधे त्याचेच राहतील. तो जाडजूड डाख, शेंबडासारखा.

अर्लीन: डाखासाठी नाही म्हणत मी.

हॉइट: मग कशासाठी?

अर्लीन: ही रबरी बुचं काढावी लागतील?

हॉइट: लागतीलच. कोंडलेली हवा तापली की सांधे उडतील. माझं तोंड भाजेल. तुला चालेल म्हणा.

अर्लीन: ती हवा आत कुठून आली, माहितीय?

हॉइट: पंपातून.

अर्लीन: पंप तू नेला होतास. अजून तुझ्याकडेच आहे.

हॉइट: हो... आहे.

अर्लीन: गळती बघायला तोंडानं फुंकली त्यानं. नळी धरून, गाल फुगवून, लालभडक होईपर्यंत. मी हसत होते. बूच दाबलं, चिमटा आवळला, घोडीच्या हौदात बुडवला. म्हणाला, बुडबुडे येतात का बघ, मी जरा आडवा होतो.

हॉइट: आणि उठलाच नाही. हे फुंकण्याचं तू कधी बोलली नाहीस.

अर्लीन: तू विचारलंस कधी? तो वाजतो, हॉइट. टक्... टक्. आत कुणी कूस बदलावी तसा. मी भांडी घासताना बोलते त्याच्याशी. घोडीलाही कळलंय. त्या दिवसापासून तिला बादलीनं पाजते.

हॉइट: पितळ आहे. तापलं की वाजतं.

अर्लीन: आभाळ भरलेलं असतं तेव्हाही वाजतं.

हॉइट: रबरातून हवा झिरपते गं. कधीच गेली असेल.

अर्लीन: नाही गेली.

हॉइट: बरं. राहू दे. मार्लाला मी समजावतो, पुढच्या वर्षी...

अर्लीन: काय समजावशील? की आईनं बापाचा श्वास खुर्चीत बसवलाय, म्हणून गाडी उभी?

हॉइट: तसं नाही.

अर्लीन: तिनं सीट पुढं घेतलीय. काल पाहिलं मी.

हॉइट: पाय पोचत नव्हते तिचे.

अर्लीन: त्याच्या जागेवरून सीट कुणी हलवली नव्हती. मीही नाही. तिनं हलवली, आणि शीळ घालत निघून गेली.

हॉइट: अर्लीन...

अर्लीन: चिमटा सैल कर. बूच मी काढते. तू तिकडं तोंड फिरव.

हॉइट: फिरवलं.

(बूच निघतं.)

हॉइट: मला ऐकू आलं.

अर्लीन: गालावर आलं माझ्या. कोमट.

हॉइट: ऊन आहे ना बाहेर, त्यामुळं...

अर्लीन: गप्प बस, हॉइट.

हॉइट: बसलो.

(अर्लीन बूच टेबलावर ठेवते.)

हॉइट: डाख द्यायची बत्ती पेटवू?

अर्लीन: पेटव. इथंच पेटव, खुर्ची जळली तर जळू दे.

हॉइट: रडतेस?

अर्लीन: नाही. त्याला एवढंच सांगायला आतल्या खोलीत गेले होते मी त्या दिवशी. हौदात एकही बुडबुडा आला नव्हता.