मोडेमसाठी माग थांबले

मी पेठ वडगावची, लगीन होऊन कबनुरात आले, आन काय सांगू तुम्हाला, मला एका जागी बसणं कधी जमलंच न्हाय. टायपिंग शिकल्याली मी, आन सासरी घरातच यंत्रमाग, काम काय, तर मागासाठी सुताच्या कांड्या भरा, दिवसभर कांड्या भरा. हात कांडीवर आन जीव भलतीकडं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं कापड घेणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं कम्प्युटर आन मोडेम आणून दिलं, रोज किती तागे निघालं ते फोनवरनं त्येच्या हापिसात धाडायचं म्हणून. मोडेम म्हंजे काय, तर टायपल्याल्या अक्षरांचा शिट्टीवानी आवाज करतंय, त्यो तारंनं जातोय, आन पलीकडचं मोडेम त्येची परत अक्षरं करतंय. फोनचा रिसीव्हर त्येच्या दोन रबरी वाट्यांत बसवायचा. पयली पलीकडनं शिट्टी येती, तिला कॅरियर म्हणायचं, ती मिळाल्याबिगार टायपायचं न्हाय. हे समदं मी शिकले की. पण मागाचा खडखडाट बी त्या वाट्यांत शिरायचा, आन पलीकडं निस्ता कचरा उमटायचा. गोधडीत गुंडाळून बघितलं, तरी तेच.

मामा म्हंजे माझं सासरं, ते पयल्यापासनं इरोधात. म्हणालं, सुनंनं फोन घेऊन बसायचं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मामा, मी कुठं बोलतीया, मशीन बोलतंय. शेवटी म्हणालं, एकदा माग बंद करतो, तुझं टायपल्यालं नीट गेलं तर गेलं, न्हायतर मशीन परत आन तू कांड्यांवर.

माग थांबलं आन तिथंच घोटाळा झाला. लाइट गेली तर गल्लीतलं सगळंच माग बंद पडत्यात, पण एकट्याच्या घरचं भरदिवसा थांबलं की समजायचं, त्या घरात कोण तरी गेलं. मामा नुकतंच दुखण्यातनं उठल्यालं. शेजाऱ्यानं माग थांबवलं, त्येच्या शेजाऱ्यानं थांबवलं, सगळी गल्ली गप, आन बाया तोंडाला पदर लावून आमच्या दारात. आत मला पयल्यांदाच कॅरियर साफ मिळाल्याला, मी टायपायला घेतल्यालं, आन भाईर एकीनं गळा काढला. म्हटलं, संपलं.

मामा उठून कट्ट्यावर गेलं. जन्मभर मागापुढं वरडून बोलल्यालं माणूस, पण त्या दिवशी तोंडावर बोट ठेवून हळू म्हणालं, मी हाय जित्ता. आत माझी सून काम करतीया, जरा गप ऱ्हावा.

अक्षर न् अक्षर गेलं. मिळालं म्हणून पलीकडनं उत्तर आलं तवा मी रडले, खोटं कशाला सांगू. मग मामानंच दारोदार जाऊन सांगितलं, तेवढी येळ गल्ली रोज थांबायची, आन कुणी आत हाक मारू नये म्हणून मामा कट्ट्यावर बसून ऱ्हायचं.

आता मामा न्हाईत, ते मोडेम बी न्हाय. माझी सून घरातनंच कम्प्युटरवर काम करती. ती बसली की मी भाईर कट्ट्यावर बसते, आल्यागेल्याला गप करते. ती म्हणती, आई, आता आवाजानं काय बिघडत न्हाय. नसंना का. पोरगी सुखी ऱ्हाऊ दे. मी आपली बसते.